हार्ड डिस्क बसली तर: आधी डेटा, मग नवी डिस्क, मग घरची लाइन

कॉम्प्युटर चालू केला की पंखा फिरतो, पण काळ्या स्क्रीनवर 'नो बूटेबल डिव्हाइस' एवढंच येऊन थांबतं. किंवा विंडोज सुरू व्हायला वीस मिनिटं लागतात, फोल्डर उघडताना सगळं गोठतं आणि आतून टक-टक ऐकू येतं. अशा वेळी पहिलं काम एकच: कॉम्प्युटर बंद करा आणि बोर्डावरचं बटणही पाडा. 'अजून एकदा लावून पाहू' करत दहा वेळा चालू करू नका. कोणी 'फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो' म्हणालं तर त्याला सध्या थांबवा.

हार्ड डिस्कच्या आत चकचकीत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्यांनी फिरतात आणि त्यांच्यावरून वाचणारं हेड काही नॅनोमीटर अंतर ठेवून तरंगतं. हेड बिघडलं असेल तर प्रत्येक चालू-बंदला ते तबकडी खरवडू शकतं. खरवडलेली जागा जगातली कुठलीही लॅब परत आणून देत नाही. नवी डिस्क बाजारात मिळते. लग्नाचे फोटो, मुलाच्या टीसीचा स्कॅन, बचत गटाचा सात वर्षांचा हिशेब बाजारात मिळत नाही. म्हणून पुढचा सगळा क्रम डेटाभोवती लावला आहे.

खरंच डिस्क गेली का?

डिस्कवर आळ येतो, पण चोर दुसराच निघतो, असं बऱ्याचदा होतं. नवी डिस्क आणायला तालुक्याला जाण्याआधी अर्धा तास तपासणीला द्या. लागणारं सामान थोडं आहे: स्टार पेचकस, रंगकामाचा नवा कोरडा ब्रश, मल्टिमीटर, एक जास्तीची साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) आणि सीआर २०३२ नंबरचा गोल सेल.

आधी मागचे-पुढचे सगळे पेनड्राइव्ह काढा. पेनड्राइव्ह लागलेला राहिला तर काही कॉम्प्युटर त्याच्यावर विंडोज शोधत बसतात.

मग घड्याळ पाहा. चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहिलं की बायोस, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगची स्क्रीन, उघडतो. तिथे तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली दिसली तर मदरबोर्डवरचा सेल संपला आहे. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, मल्टिमीटरवर २.७ च्या खाली दिसला तर बदलून टाका. गावात बोर्डाचं बटण रोज बंद होतं आणि लाइनही जाते, त्यामुळे हा सेल शहरातल्यापेक्षा लवकर संपतो. सेल संपला की बायोसच्या सेटिंग मूळ जागी जातात. काही जुन्या मदरबोर्डांवर साटा मोड 'एएचसीआय'वरून 'आयडीई'वर येतो आणि विंडोज निळ्या स्क्रीनवर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून थांबतं. डिस्क धडधाकट असते. सेल बदला, मोड पूर्वी होता तो करा, एफ१० दाबून सेव्ह करा, काम झालं.

बायोसमध्ये डिस्कचं नाव येतच नसेल तर वायर काढून बाजूचं झाकण उघडा. त्याआधी पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला करंट निघून जातो, आणि कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा. डिस्कला दोन जोड असतात: अरुंद तो डेटाचा, रुंद तो पॉवरचा. दोन्ही काढून पुन्हा घट्ट बसवा. केबल बदलून पाहा, मदरबोर्डवरचा दुसरा पोर्ट वापरून पाहा. साटा केबलचा जोड उष्णतेने सैल पडतो, त्याची चिमटी तुटते. बघायला नवी दिसणारी केबलही आतून गेलेली असते.

कापसाच्या दिवसांत आणखी एक गोष्ट तपासायची. भाव येईपर्यंत कापूस ज्या खोलीत भरून ठेवतात त्याच खोलीत कॉम्प्युटर असेल, तर रुईचे बारीक तंतू पंख्याच्या जाळीवर नमदा धरतात. आतली हवा अडते आणि डिस्क तापते. बहुतेक डेस्कटॉप डिस्क ६० अंशांपर्यंतच चालवायच्या असतात. मे महिन्यात टिनाच्या खोलीतच ४५ असेल तर जाळी बुजलेल्या कॅबिनेटमध्ये ती मर्यादा गाठायला वेळ लागत नाही. ब्रशने साफ करा. पंख्याची पाती बोटाने अडवून धरा, फुंकणीने गरगर फिरवू नका.

आता पॉवर. एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या डब्याच्या) पिवळ्या वायरवर १२ व्होल्ट आणि लाल वायरवर ५ व्होल्ट यायला हवेत, काळी वायर निगेटिव्ह धरून. पिवळीवर ११.४ ते १२.६ आणि लालवर ४.७५ ते ५.२५ एवढी सूट असते. कॉम्प्युटर चालू असताना १२ चे ११ होत असतील तर डिस्कची मोटर पूर्ण वेग घेऊ शकत नाही आणि टक-टक करते. तो आवाज हेड गेल्यासारखाच वाटतो, पण बदलायचा असतो एसएमपीएस. मोजताना मल्टिमीटरच्या टोकाने दोन पिना एकत्र चिटकू देऊ नका. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही झटका देण्याइतका करंट राहतो.

आणि एक खूण लक्षात ठेवण्यासारखी: डिस्क जोडली की कॉम्प्युटर चालूच होत नाही, काढली की लगेच होतो. वीज कडाडल्यावर किंवा लाइनचा दाब अचानक वाढल्यावर हे होतं. डिस्कच्या हिरव्या पट्टीवर (सर्किट बोर्डावर) टीव्हीएस नावाचे दोन छोटे डायोड असतात. जास्त दाब आला तर ते स्वतः शॉर्ट होऊन बाकीचा भाग वाचवतात. चांगला मोबाइल दुरुस्तीवालाही शॉर्ट झालेला डायोड काढून देऊ शकतो, आणि मग बहुतेक वेळा डिस्क डेटा काढण्यापुरती चालते. डायोडशिवाय तिला संरक्षण नसतं, म्हणून डेटा काढा आणि तिला निवृत्त करा. दुसऱ्या डिस्कची हिरवी पट्टी आणून बसवण्याचा उपाय जुन्या काळी चालायचा. आता प्रत्येक पट्टीवरच्या चिपमध्ये त्याच डिस्कची मापं लिहिलेली असतात, त्यामुळे ती चिप न हलवता पट्टी बदलली तर काही होत नाही.

डिस्क किती आजारी आहे

डिस्क दिसत असेल तर तिचा 'स्मार्ट' अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, वाचा. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्स मिंटमध्ये (विंडोजच्या जागी चालणारी फुकटची प्रणाली) 'डिस्क्स' हे फुकट मिळणारे प्रोग्राम तो दाखवतात. पानभर आकडे असतात, पाहायचे चार. नंबर ०५ म्हणजे खराब होऊन बदललेल्या जागा. सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे ताटकळत असलेल्या जागा. सी६ म्हणजे दुरुस्त न होणाऱ्या. हे तिन्ही शून्य हवेत. सी५ वाढत चालला असेल तर डिस्कचे दिवस भरले. सी७ फक्त वाढलेला असेल तर बहुधा केबलचा दोष आहे.

आजारी डिस्कवर 'चेकडिस्क' चालवू नका. अनेक जण हाच उपाय सांगतात आणि याच उपायाने सर्वांत जास्त नुकसान होतं. चेकडिस्क फाइलींची यादी जुळवण्यासाठी डिस्कवर लिहितं, तुटलेल्या नोंदी कापून टाकतं आणि मरणाऱ्या डिस्कला तासन् तास पळवतं. तो डेटा काढून झाल्यावर करायचा उद्योग आहे.

फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्लाही सोडून द्या. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि होती ती आशा जाते. आणि डिस्कचं झाकण घरी किंवा दुकानात उघडायचं नाही. हेडखालच्या फटीपुढे धुळीचा कणही डोंगर असतो.

डिस्क चालू करताच एकसारखी टक-टक करते, एसएमपीएस आणि केबल ठीक आहेत, बायोसमध्ये नाव येत नाही किंवा भलतंच येतं: असं असेल तर घरचे उपाय संपले. डेटा मोलाचा असेल तर स्वच्छ खोली असलेल्या डेटा रिकव्हरी लॅबकडेच द्या. देण्याआधी विचारा: तपासणीचे पैसे किती, डेटा निघाला नाही तर किती, फाइलींची यादी आधी दाखवणार का. डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत घाला, वरून बबल रॅप गुंडाळा आणि एसटीत मांडीवर घेऊन जा.

डेटा काढणे

डिस्क दिसते पण अडखळते, हा सर्वांत जास्त आढळणारा आणि घरी सुटण्यासारखा प्रकार. त्याच कॉम्प्युटरवर काम होतं. एका ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट टाकून घ्या. ती फाइल मोठी असते, मोबाइलच्या रोजच्या डेटात बसत नाही. तालुक्याच्या ठिकाणी चांगलं नेट असलेल्याकडून उतरवून आणलेली बरी. पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करायला एफ१२, एफ११, एफ९ किंवा एफ८ यांपैकी एक बटण लागतं, मदरबोर्डाच्या कंपनीप्रमाणे. मिंट बसवायचं नाही, नुसतं पेनड्राइव्हवरून चालवायचं. विंडोजवरून डिस्क जोडली तर ते तिच्यावर आपल्या नोंदी लिहायला लागतं, 'फॉरमॅट करू का' विचारतं. चुकून एंटर दाबला गेला तर संपलं.

मिंट उघडल्यावर आधी सर्वांत मोलाचं उचला, सगळं एकदम उचलू नका. लहान फोल्डर घ्या, दुसऱ्या चांगल्या डिस्कवर कॉपी करा, पुढचा घ्या. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइली सी ड्राइव्हमध्ये 'यूजर्स'च्या आत आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये असतात, तिथेच डाउनलोड्स आणि पिक्चर्सही. 'माझं सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे, ते सुरक्षित' ही समजूत फार पसरलेली आहे. सी, डी आणि ई हे एकाच डिस्कचे वाटे असतात, जसे एकाच वावराचे धुरे पाडलेले तुकडे. वावर बुडालं तर तिन्ही बुडतात.

विसरून जाणाऱ्या गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. टॅली असेल तर तिचा 'डेटा' नावाचा अख्खा फोल्डर घ्या. आणि मराठी फॉन्ट! श्रीलिपी, डीव्हीबी-टीटी सुरेख, कृतीदेव यांत टाइप केलेले जुने ठराव आणि अर्ज युनिकोडमध्ये नसतात. फाइल वाचते, पण नव्या विंडोजवर फॉन्ट नसला तर अक्षरांच्या जागी इंग्रजी खिचडी दिसते आणि लोकांना वाटतं फाइल खराब झाली. विंडोज फोल्डरच्या आत 'फॉन्ट्स' आहे, तो पूर्ण कॉपी करून ठेवा.

कॉपीचा वेग केबीवर आला किंवा टक-टक सुरू झाली तर थांबा, डिस्क बंद करून थंड होऊ द्या. कॅबिनेटचं झाकण उघडं ठेवून डिस्कवर टेबल फॅन लावा. कूलरची हवा नको, तिच्यात पाण्याचा अंश असतो.

अख्खी डिस्कच उचलायची असेल तर डीडीरेस्क्यू हा फुकटचा प्रोग्राम आपल्या भागासाठीच केल्यासारखा आहे. तो आधी सहज वाचता येणारा सगळा भाग घेतो, अडलेली जागा सोडून पुढे जातो आणि शेवटी उरलेल्या जागांवर परत येतो. कुठपर्यंत काम झालं ते मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतो, म्हणून मध्येच लाइन गेली तरी पुन्हा तिथूनच सुरू करता येतं. फक्त ती मॅप फाइल वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या मिंटची स्मृती लाइन जाताच पुसली जाते. ज्या डिस्कवर उतरवायचं ती जुनीएवढी किंवा मोठी हवी. आज्ञा देताना आधी जुन्या डिस्कचं नाव, मग नवीचं, मग मॅप फाइलचं. हा क्रम उलटला तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते, म्हणून दोन्हींचे सीरियल नंबर कागदावर लिहून स्क्रीनवरच्या नंबरांशी जुळवा. चांगली १ टीबी डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने पावणेतीन तासांत उतरते. जुन्या यूएसबी २ पोर्टवर त्यालाच आठ-नऊ तास. आजारी डिस्कला दोन-तीन दिवसही लागतात.

उतरवलेल्या प्रतीत फाइली दिसत नसतील तर टेस्टडिस्क आणि फोटोरेक हे हरवलेल्या फाइली शोधणारे प्रोग्राम त्या प्रतीवर चालवा, मूळ डिस्कवर नाही. फोटोरेक फोटो काढून देतं, पण नावं आणि फोल्डर हरवतात.

विंडोज ११ असलेल्या नव्या कॉम्प्युटरांत डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या कुलपाने, बंद असू शकते. मग ४८ अंकांची रिकव्हरी की लागते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात मोबाइलवरून पाहता येते.

नवी डिस्क घालणे

घरच्या कॉम्प्युटरला विंडोजसाठी एसएसडीच, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी डिस्कच, घ्या. तिच्यात फिरणारा भाग नाही, ती कमी तापते आणि दहा वर्षं जुना कॉम्प्युटरही तिच्यामुळे चपळ होतो. २५६ जीबी फॉर्म भरण्या-टायपिंगला पुरते. फोटो-व्हिडिओ जास्त असतील तर ५१२ जीबी. लॅपटॉपमध्ये २.५ इंची साटा एसएसडी जुन्या डिस्कच्या जागी सरळ बसते. डेस्कटॉपमध्ये ३.५ इंचाची जागा असते, त्यासाठी पट्टी मिळते. नाही मिळाली तर दोन बाजूंनी केबल टाय घट्ट आवळला तरी चालतं. एसएसडीला एम३ स्क्रू लागतात, जुन्या डिस्कचे जाड स्क्रू दाबून बसवू नका, आटे जातात. पॉवरसाठी जुन्या चार पिनांचा कन्व्हर्टर घ्यावा लागला तर जोडात वायरींवर प्लास्टिक वितळवून ओतलेला स्वस्त प्रकार टाळा. तो आत शॉर्ट होऊन जळतो.

डिस्क घरी आणताच क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये 'पॉवर ऑन अवर्स' पाहा. नवी म्हणून दिलेल्या डिस्कवर हजारो तास दिसले तर ती वापरलेली आहे, पावतीसह परत करा. पावती पक्की घ्या, तिच्यावर सीरियल नंबर लिहून घ्या.

विंडोज टाकताना जुनी डिस्क काढून ठेवा, फक्त नवीच जोडलेली असू द्या. दोन्ही असल्या की चुकीच्या डिस्कवर बोट पडतं. 'कस्टम' निवडा, 'अनअ‍ॅलोकेटेड स्पेस' निवडून पुढे जा. वाटे आधीच पाडायची गरज नाही. 'जीपीटी पार्टिशन स्टाइल'वरून अडलं तर पेनड्राइव्ह वेगळ्या पद्धतीने सुरू झाला आहे: बूट मेन्यूत तो दोनदा दिसतो, एकदा 'यूईएफआय' शब्द लावून. ती नोंद निवडून पुन्हा सुरू करा. की विचारली आणि पूर्वीचं विंडोज १० किंवा ११ अधिकृत होतं, तर 'माझ्याकडे की नाही' निवडा आणि आधीचीच आवृत्ती, होम किंवा प्रो, घ्या. परवाना मदरबोर्डाशी बांधलेला असतो, नेट लागताच तो परत येतो. नेटचा ड्रायव्हरच नसेल तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करा.

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (कॉम्प्युटरमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचे साधारण आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर त्याच्या यादीत नाहीत. अशा जुन्या कॉम्प्युटरवर पत्रं, पीडीएफ आणि ब्राउझर एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट कायमचं बसवणं आम्हाला जास्त योग्य वाटतं. टॅली किंवा डिजिटल सहीचा टोकन वापरणाऱ्यांनी मात्र विंडोजच ठेवावं.

लाइन सुधारली नाही तर नवीही जाईल

रब्बीत सगळ्या मोटरी एकदम चालू झाल्या की डीपीवरचा दाब खाली जातो, आणि गेलेली लाइन परत येताना झटका देते. लाइन गेली की बोर्डाचं बटण पाडा, आल्यावर पाच मिनिटं थांबून चालू करा. ६०० व्हीएचा यूपीएस डेस्कटॉपला दहा-पंधरा मिनिटं देतो. ती वेळ काम संपवायला नाही, सेव्ह करून बंद करायला असते. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी आपल्या उन्हात दोन-तीन वर्षांत उतरते, मार्चमध्येच तपासून घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर मागचं बटण 'यूपीएस' बाजूला हवं. दुसऱ्या बाजूला बदल व्हायला जास्त वेळ लागतो आणि कॉम्प्युटर झटक्यात बंद होतो.

कूलरची मोटर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात त्या घरात अर्थिंग नाही किंवा तुटलं आहे. मल्टिमीटर एसीवर ठेवून न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजा: एक-दोन व्होल्ट ठीक, पाचच्या वर गेलं तर वायरमनला बोलवा. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास यायलाच हवेत. नाही आले तर तिसरी पिन नुसती शोभेची आहे. पावसाळ्यात ढग गडगडले की पॉवरच्या पिनेसोबत नेटची केबलही काढा, वीज तिच्यातूनही येते.

बॅकअपची डिस्क कॉम्प्युटरला कायम लावून ठेवू नका, एकाच झटक्यात दोन्ही जातात. कॉपी झाली की काढून कपाटात, आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरी. कॉपी झाल्यावर त्यातल्या दोन-चार फाइली उघडून पाहा, मराठी अक्षरं नीट दिसतात का तेही.

जुनी डिस्क भंगारवाल्याला तशीच देऊ नका, तिच्यात आधार आणि पासबुकाचे स्कॅन आहेत. डेटा दोन ठिकाणी उतरल्याची खात्री झाल्यावर ३.५ इंची डिस्कला ड्रिलने आरपार दोन-तीन भोकं पाडा. लॅपटॉपच्या डिस्कच्या तबकड्या बहुधा काचेच्या असतात. ती जाड गोणपाटात गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा लावून मगच फोडा.